धड खोका, फुटकी बिस्किटं

१

धनसुखशेठांनी त्या दिवशी बिस्किटांचा खोका स्वतःच्या हाताने उघडला, कारण त्यांचा आता कुणावरच विश्वास उरला नव्हता. खोका कोरा करकरीत. कोपरा दबलेला नाही, पाणी लागलेलं नाही, कारखान्याची निळी छापील चिकटपट्टी जिथल्या तिथे. वरचा थर काढला तर तोही धड. पण खालच्या थरातला पुडा हातात घेतला की आत नुसती खुळखुळ. कागद कुठेही फाटलेला नाही आणि आत बिस्किटांचा भुगा.

"बघ, बिंदमती," शेठ म्हणाले. "खोका धड, पुडा धड आणि माल मातीमोल. हे माणसाचं काम की भुताचं?"

बिंदमती शेठांचं दुकान सांभाळायची. बेटावरच्या लंबासा गावातल्या त्या मोठ्या दुकानात मिठापासून मच्छीच्या डब्यापर्यंत काय कुठे आहे हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण आत्ता तिने नुसताच पुडा कानाशी हलवून पाहिला. माणसाचंच काम आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण मांडणीवरचे पुडे गुपचूप मोडणारी ती स्वतःच होती.

पुडा आडवा धरायचा, दोन्ही अंगठे मधोमध ठेवायचे आणि हलकेच दाबायचं. आत कट्ट आवाज होतो, कागदाला सुरकुतीही पडत नाही. गेले काही महिने ती रोज दुकान उघडायच्या आधी हे करत होती.

पण हा भुगा तिचा नव्हता. पट्टी लावलेल्या खोक्याला तिने कधी बोटही लावलं नव्हतं. तिच्या चोरीत दुसराच कुणी चोर शिरला होता.

२

या सगळ्याला सुरुवात झाली चक्रीवादळापासून. वादळाने खेड्यांतली तवियोका आणि दालो या कंदांची शेतं उपटून टाकली. नदीपलीकडच्या वसतिगृहात दूरच्या गावांची मुलं राहतात. त्यांचे आईबाप फीऐवजी कंदमुळांच्या पाट्या आणून टाकायचे, त्याच बंद झाल्या. मुलं संध्याकाळी चहाचं पाणी पिऊन झोपू लागली.

तेव्हा सुवा शहरातल्या बिस्किट कारखान्याने आणि धनसुखशेठांनी एकत्र येऊन एक पुण्यकर्म केलं. दोघांची भागीदारी आधीपासून होतीच. काय किती खपलं ते दुकानाने दर आठवड्याला कारखान्याला कळवायचं, मांडणी कशी लावायची ते कारखान्याच्या माणसाने ठरवायचं आणि फुटक्या मालाचं नुकसान निम्मं निम्मं सोसायचं. त्यात एक कलम वाढलं, की फुटका माल टाकायचा नाही, वसतिगृहाला द्यायचा. वर्तमानपत्रात फोटोसुद्धा आला. शेठ, कारखान्याचे इथले प्रतिनिधी पिल्लेसाहेब आणि मधे मुलं, प्रत्येकाच्या हातात फुटकं बिस्किट.

बिंदमती दर शनिवारी तो माल घेऊन जायची. पहिल्या शनिवारी पुडे बरेच होते, कारण एक खोका शिडीवरून पडला होता. दुसऱ्या शनिवारी अगदी थोडे निघाले. मुलांनी कुरकुर केली नाही, निमूट वाटून खाल्ली. ती निमूटपणे खाणारी तोंडं तिला घरी येऊन रोटी गिळू देईनात. तिने शेठांना विचारूनही पाहिलं. शेठ म्हणाले, "फुटेल तेवढं देतोच आहोत की. आता धड माल पण वाटत सुटू?"

मग सोमवारी तिने पहिला पुडा मोडला.

आता फुटका माल इतका वाढला होता की सुवाच्या साहेबांनी जाब विचारला. पिल्लेसाहेब दुकानात येऊन टेबलावर मूठ आपटून गेले. "आमच्याकडून माल धड निघतो. तुमच्या गोदामात राक्षस पाळलाय का?" शेठही चिडले. "राक्षस तुमच्याच बोटीतून येत असेल!" भागीदारी तुटायची वेळ आली.

आणि याच वेळी एक भलतीच गोष्ट घडली. गोदाम सांभाळणाऱ्या सकिउसाचे थोरले काका नेमानी, अंगात काळा कोट घालून, दुकानात आले. शेठांसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. दोन्ही हातांत देवमाशाचा दात, म्हणजे तांबुआ. आमच्या पोराच्या हातून तुमच्या मालाचं नुकसान झालं, ते या दाताखाली पुरून टाका, असं ते खाली मान घालून म्हणाले.

तांबुआ पुढे आला की परत पाठवता येत नाही. शेठांनी तो घेतला, रीतीप्रमाणे हात पोकळ करून टाळ्या वाजवल्या, आणि प्रकरण मिटलं. निदान शेठांपुरतं तरी मिटलं. सकिउसा मागे उभा होता, त्याने एकदाही वर पाहिलं नाही. बिंदमतीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मांडणीवरचा एकही पुडा सकिउसाने मोडला नव्हता, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पण नेमानीकाका एक गोष्ट चुकले. माल दोन घरांचा होता आणि दात एकाच घरी गेला.

"तुम्हाला मिळाला, आम्हाला नाही," पिल्लेसाहेब दुसऱ्या दिवशी गरजले. "तुमच्यापुरतं पुरलंत ना? आमच्यापुरतं ते उघडंच आहे. माणूस कबूल झालाय. शुक्रवारपर्यंत त्याला पोलिसात द्या, नाहीतर भागीदारी संपली."

३

शेठांनी पोलिसांऐवजी ताराइविनीबाईंना बोलावलं. त्या पूर्वी पोलिसात इन्स्पेक्टर होत्या, आता घरामागे ऑर्किडची रोपं विकत. अर्धं गाव त्यांना बुबू, म्हणजे आजी म्हणे. उरलेल्या अर्ध्या गावाला त्यांनी एकदा तरी पकडून नेलेलं असल्यामुळे ते दुरूनच नमस्कार करी. पिल्लेसाहेबांनाही त्या चालल्या.

बुबू गोदामात आल्या, एका पेटीवर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "चहा आणा. पुरावा कोरडा खायची मला सवय नाही."

त्यांच्यासमोर फुटके पुडे ओतले. त्या एकेक उघडत, चहात बुडवून खात आणि बाजूला ठेवत गेल्या. शेवटी दोन ढीग झाले. एकात बिस्किटं मधोमध मोडलेली, दोन नीट तुकडे. दुसऱ्यात नुसता भुगा, चमच्याने खावा असा.

"क्रीमची कुठायत?" त्यांनी विचारलं.

"क्रीमची फुटत नाहीत, बुबू," बिंदमती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला वाटलं की जीभ चावावी.

"फुटत नाहीत? त्याच बोटीतून येतात, त्याच खड्ड्यांतून येतात. खड्ड्याला साधं कुठलं आणि क्रीमचं कुठलं, हे कळतं वाटतं!" बुबूंनी तिच्याकडे बघितलंही नाही. "बोलवा त्या राक्षसाला."

सकिउसा आला. दारातून वाकून यावं लागे इतका उंच, आणि हात म्हणजे वल्ही.

"काय रे, तूच का तो? बिस्किटांशी कुस्ती खेळणारा?"

"हो, बुबू."

"का फोडलीस?"

"राग आला."

"कुणाचा?"

सकिउसाने बराच विचार केला. "बिस्किटांचा," तो म्हणाला.

शेठांना खोकला आला. बुबूंनी एक धड पुडा त्याच्या हातात दिला. "फोड बघू. जसा रोज फोडतोस तसा."

सकिउसाने पुडा मुठीत धरला आणि दाबला. फट्ट आवाज झाला, कागद उभा चिरला आणि तुकडे शेठांच्या चहात जाऊन पडले. दुसरा दिला, त्याचीही तीच गत. तिसऱ्याला तो बिचारा दोन बोटांनी, श्वास रोखून दाबू लागला, कपाळावर घाम आला, आणि तोही पुडा फाटला.

"इथे फुटलेल्या एकाही पुड्याचा कागद फाटलेला नाही," बुबू म्हणाल्या. "तुझ्या हातून तर धड चोरीही होत नाही. मग काकांना दात घेऊन का पाठवलंस?"

सकिउसाची नजर क्षणभर बिंदमतीकडे वळली आणि लगेच जमिनीवर गेली. "मीच फोडली," तो पुन्हा म्हणाला.

ती नजर बिंदमतीने पाहिली. वाईट एवढंच, की बुबूंनीही पाहिली.

४

"चल, मला ते वसतिगृह दाखव," बुबू बिंदमतीला म्हणाल्या.

वसतिगृहाच्या पत्र्यावर अजून निळी ताडपत्री होती. गृहमाता लिटिया यांनी चटई घातली. मुलं शाळेतून यायची होती.

"बिस्किटं पुरतात का हो?" बुबूंनी विचारलं.

"देवाची कृपा," लिटिया म्हणाल्या. "आधी कमी यायची. मग वाढली. काही दिवसांनी आणखी गावांतली मुलं आली, मला धडकी भरली, की आता कसं करायचं? तर बिस्किटंही वाढली!"

"आणि सुट्टीत, मुलं गावी गेल्यावर?"

"सुट्टीत काहीच आलं नाही. आम्हाला लागलंही नाही म्हणा."

"शहाणी बिस्किटं," बुबू म्हणाल्या. "शाळेची सुट्टी पाळतात."

परत येताना पुलाच्या अलीकडे बुबूंनी गाडी थांबवायला सांगितली. पिशवीतून एक धड पुडा काढला आणि बिंदमतीच्या मांडीवर ठेवला.

"फोड."

"बुबू, शेठांचा माल आहे..."

"माझा आहे. पैसे देऊन घेतलाय. फोड."

बिंदमतीने पुडा हातात घेतला. मुद्दाम वेडावाकडा दाबावा, सकिउसासारखा फाडावा, असं तिच्या मनात आलं. एवढं केलं की सुटका होती. शुक्रवारी सकिउसा पोलिसात जाईल, आपण शनिवारी बिस्किटं घेऊन जाऊ, कुणाला काही कळणार नाही. तिचे अंगठे आपसूक पुड्याच्या मधोमध जाऊन बसले होते. तिने ते पाहिले आणि तिला रडू कोसळलं.

"मी फोडली, बुबू. मी. तो नाही. रोज ठरवायची की आज सांगेन, आणि रोज त्याला तसंच बघत राहायची. त्याची बायको काल दुकानात आली होती, तिला बायकांनी रांगेत टोमणे मारले. मी गल्ल्यावर उभी होते. ऐकत होते."

"क्रीमची का नाही फोडलीस?"

"ती महाग असतात." तिने नाक पुसलं. "तेवढा धीर नाही झाला."

"चोरी करायची आणि तीही काटकसरीने!" बुबू हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "तू अर्धंच सांगितलंस."

"बाकीचा अर्धा माझा नाही, देवाशप्पथ नाही!"

"ठाऊक आहे. तुझे दोन तुकडे होतात, त्याचा भुगा होतो. म्हणजे वसतिगृहात मुलं वाढली तेव्हा तू जास्त फोडायला लागली नाहीस, फोडणारा आणखी एक माणूस वाढला. आता सांग, उद्या सगळ्यांसमोर बोलशील?"

बिंदमतीच्या डोळ्यांपुढे शेठ आले, नोकरी आली, रांगेतल्या बायका आल्या. "बोलेन," ती म्हणाली.

५

गोदामात सगळे जमले. शेठ खुर्चीवर, पिल्लेसाहेब येरझाऱ्या घालत, सकिउसा दाराशी. बिंदमती उभी राहिली आणि तिने एका दमात सांगून टाकलं. सांगताना तिने कुणाकडे पाहिलं नाही. शेवटी सकिउसाकडे पाहिलं, तर तो चिडल्यासारखा दिसला. हे तिला कळेना.

शेठांचं तोंड उघडंच राहिलं. पिल्लेसाहेबांनी मात्र टाळी वाजवली. "मी काय म्हणत होतो? चोर दुकानातलाच! हा नाही तर ती!"

"बसा, पिल्ले," बुबू म्हणाल्या. "ही अर्धीच चोर आहे. दुसरा अर्धा खोक्यात आहे."

त्यांनी शेठांनी उघडलेला तो खोका पुढे ओढला, आणि निळ्या पट्टीचं टोक नखाने सोलायला घेतलं. पट्टी निघाली. तिच्याखाली अगदी तशीच दुसरी पट्टी होती, मधून सुरीने सरळ कापलेली.

"एकदा कारखान्यात बंद झाला. मग कुणीतरी कापून उघडला, खालचे पुडे काढून भुगा केला, परत ठेवले आणि वरून नवी पट्टी लावली. शेठ, ही छापील पट्टी लंबासात कुठे मिळते?"

"कुठेच नाही. कारखान्याची आहे."

"बोटीवरून उतरलेला माल दुकानात येण्याआधी कुठे असतो?"

शेठ उत्तर द्यायच्या आधीच पिल्लेसाहेब थांबले होते. ते येरझाऱ्या घालता घालता जिथे होते तिथेच, एका पिठाच्या पोत्यावर बसले. खाई त्याला खवखवे म्हणतात. इतके दिवस सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता.

"माझ्या गोडाऊनात," ते म्हणाले. आवाज पार बसला होता. "टॉवेलात गुंडाळून, लाटण्याने. बायकोला वाटायचं, साहेब उशिरापर्यंत हिशोब करतायत."

"पण का?" शेठ ओरडले. "तुम्ही? तुम्ही तर पोलीस पोलीस करत होता!"

"फोटोच्या दिवशी एक मुलगी जवळ आली. एवढीशी. कानात म्हणाली, अंकल, पुढच्या आठवड्यात पण फुटतील ना?" पिल्लेसाहेबांनी चष्मा काढला. "मी म्हटलं, फुटतील. दिलेला शब्द होता, धनसुखभाई. मग वरून जाब आला. माझी पण मुलं आहेत, माझी पण नोकरी आहे. कुणाचं तरी नाव द्यायला हवं होतं, आणि हा आपण होऊन उभा राहिला. मी घाबरलो. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो, आणि चोर मीच."

शेठ आळीपाळीने दोघांकडे बघत राहिले. "म्हणजे भागीदारी आम्ही कागदावर केली," ते हळूच म्हणाले, "आणि ती चालवली तुम्ही दोघांनी. एकमेकांना न सांगता."

त्यावर हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही.

६

शुक्रवारी सुवाहून फोन आला. पिल्लेसाहेबांची बदली झाली. शेठांनी बिंदमतीला आठवडाभर घरी बसवलं आणि मग परत बोलावलं, कारण त्यांना मिठाची पेटीही सापडेना. भागीदारी वाचली. फक्त ते एक कलम गेलं. लोकांना फोडायचा मोह होईल असा माल ठेवायचाच कशाला, असं वरच्यांचं म्हणणं पडलं. यापुढे फुटका माल डुकरं पाळणाऱ्याला जाणार होता.

त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, बिंदमती सकिउसाच्या घरी गेली. माफी मागताना देतात ती यांगोना, पेय करायची मुळी, नव्या कागदात बांधून घेऊन गेली होती. त्याच्या समोर जमिनीवर बसली. तिच्या मनात वाक्यं तयार होती.

"सकिउसा, तुझं नाव धुऊन निघालं. माझ्यामुळे तुला जे सोसावं लागलं..."

"मी तुला पाहिलं होतं, दीदी," तो म्हणाला. "पहिल्याच सोमवारी. पोत्यांच्या मागे होतो."

बिंदमतीने मुळी त्याच्यापुढे ठेवली.

"चौकशी सुरू झाली तेव्हा मी काकांच्या पाया पडलो. म्हटलं, दात घेऊन जा, माझ्या नावावर पुरून टाका. शेठ घेतील, गप्प बसतील, आणि तुझं चालू राहील. कारखान्याचं डोक्यात आलं नाही, ती माझी चूक. पण पोलिसांचं मला काय? चार दिवस कोठडी. वर्षभर लोक हसले असते. लोक विसरतात." त्याने मुळीकडे पाहिलं, हात लावला नाही. "त्या मुलांत माझं कुणी नाही, दीदी. माझी मुलं मोठी झाली. पण मी लहानपणी अशाच वसतिगृहात होतो."

"तू मला सांगितलं का नाहीस?" बिंदमती कशीबशी म्हणाली.

"तू विचारलंस का कधी? रोज समोर यायचीस, डोळे चुकवायचीस आणि जायचीस. तुला तुझं पाप तेवढं दिसत होतं." तो रागाने बोलत नव्हता, याचंच तिला जास्त लागलं. "आता तुझं मन मोकळं झालं. पिल्लेचं पण झालं. आज शनिवार आहे. मुलांना काय सांगणार आहेस?"